रडाचं असन त घरीच रडून घ्या

लग्नाची मेंदी हातावर अजून लाल होती, तेव्हाच माझी टॉवेलांवर नेमणूक झाली.

अमरावतीला सासरी येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. मे महिना होता. नितीनच्या आणि माझ्या मनात दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन यायचं होतं आणि ही गोष्ट आम्ही अगदी गुप्त ठेवली होती, म्हणजे घरात ती सगळ्यांना ठाऊक होती. त्या संध्याकाळी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावणं आलं. मला वाटलं, नव्या सुनेचं काही कौतुक असेल. मोठी जाऊ ओट्याला टेकून उभी होती. तिच्या हातात बियाण्याच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं, कोरी बाजू वर. तिनं वाचायला सुरुवात केली. परवा वॉटर पार्क. निघायचं कधी, नाश्ता कुठे, कोणतं लेकरू कोणाच्या हाताशी, कोणती घसरगुंडी आधी आणि कोणती जेवणानंतर. नितीनच्या नावापुढे ‘लाटांचं पाणी, लेकरांसोबत’ असं लिहिलेलं होतं. अगदी शेवटी माझं नाव आलं. नवी सून, टॉवेल.

नितीननं घसा खाकरून चिखलदऱ्याचा विषय काढला. तिनं कॅलेंडरवरून मानही वर केली नाही.

“चिखलदरा कुठं पयून चालला नाही,” ती म्हणाली. “लेकराईच्या सुट्ट्या पयून राहिल्या.”

अशा रीतीनं माझा मधुचंद्र एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, ओल्या टॉवेलांच्या ढिगाशेजारी साजरा झाला. नवरा दूर लाटांच्या पाण्यात कोणाचं तरी लेकरू खांद्यावर घेऊन उभा होता. अधूनमधून तो हात हलवायचा. मीही हलवायचे. बाकी संसाराची सुरुवात छानच झाली.

तिचं नाव शकुंतला. पण घरातली लेकरं तिला मोठीआई म्हणत, म्हणून त्यांचे आईबापही मोठीआई म्हणत, म्हणून दूधवाला, शेजारचे आणि गल्लीच्या टोकावरचा इस्त्रीवालाही मोठीआईच म्हणे. मी आले तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. माहेर धामणगाव रेल्वेचं, वडिलांची धान्याची अडत होती. बुटकी, भरल्या अंगाची, आणि चालायची अशी की कुठेतरी काहीतरी सुरू झालंय आणि आपण अजून इथेच आहोत. घरात तीन भाऊ. थोरले दादा म्हणजे तिचा नवरा, मधले रमेशभाऊ आणि धाकटा नितीन. सासऱ्यांनी अंजनगाव सुर्जीला बी-बियाणं आणि खतांचं दुकान टाकलं होतं, सोबत गोदामही होतं. ते गेल्यावर दादा आणि रमेशभाऊ दोघं मिळून ते पाहत. नितीनची नोकरी अकोल्याच्या एका कॉलेजात, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. पण चूल एकच, अमरावतीची, आणि त्या चुलीसमोर मोठीआई.

वर्षातले अकरा महिने ती इतर कोणत्याही मोठ्या जावेसारखी होती. भाजीत तेल जास्त झालं की बोलायची, स्वतःच्या हातून झालं की बोलायची नाही. लेकरांच्या परीक्षा जवळ आल्या की मात्र तिचा चेहरा बदलायचा. फोन सुरू व्हायचे. पार्क कोणत्या वारी उघडं असतं, पावसाचं नाचगाणं किती वाजता लावता, पाळण्याची रांग उन्हात आहे की सावलीत. पलीकडचा माणूस बिचारा तिकिटांचे प्रकार सांगायला बसलेला असे. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं की तुमच्या संडासासमोर रांग जास्त कोणत्या वेळी असते. आमच्या घरात लेकरांना सुट्टी लागायची, म्हणजे पहाटे उठणं, भराभर आवरणं, वेळेवर खाणं आणि ओळीत चालणं यांचा मोसम सुरू व्हायचा. शाळेत थोडी तरी ढिलाई होती. सुट्टी संपली की घरातले पुरुष आराम करायला दुकानावर जात.

तिची काही मतं पक्की होती. गेटातून आत शिरलं की सगळं जग उजवीकडे धावतं, म्हणून आपण डावीकडे. ज्या खेळात पोट ढवळतं तो उपाशीपोटी, ज्यात नुसतं बसायचं तो जेवणानंतर. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून गेटाबाहेर पार्किंगमध्येच वर्तमानपत्र अंथरून तिखट पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खायची, भूक असो वा नसो. भूक लागली नाही असं म्हणणाऱ्या लेकराकडे ती अशी पाहायची की त्याला ताबडतोब भूक लागायची. त्या पार्किंगमध्ये चकचकीत गाड्यांमधून उतरणारी माणसं आमच्या पंगतीला वळसा घालून जात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला कशाचंच काही वाटत नसे. ती एका अनोळखी बाईच्या हातातही पुरी ठेवायची आणि वर विचारायची, “पाळण्यात आधी जासान का जेवून जासान?”

एक मत तिनं मला पुऱ्या लाटता लाटता सांगितलं होतं. मी जरा धीर करून विचारलं होतं की ताई, दिवसात थोडा मोकळा वेळ ठेवला तर काय बिघडेल? लेकरं दमतात.

“मोकळा टाइम मी लेकराईले नाही देत असं वाटते काय तुले?” ती म्हणाली. “मी मोठ्याईले नाही देत. लेकरं मोकळी बसली त खेळतात. मोठे मोकळे बसले त हिशेब काढतात.”

मी तेव्हा नवीन होते. मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

चिकू म्हणजे रमेशभाऊंचा धाकटा. माझ्या लग्नात तो रांगत होता. तो पाचेक वर्षांचा झाला तेव्हा नागपूरकडच्या एका पार्कात मोठा झोका नवीन आला होता, जहाजासारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलणारा. घरातली मोठी लेकरं महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. मोठीआईनं फोन करून त्या झोक्याला किती उंची लागते ते विचारून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर खडूनं रेघ मारली. एकेकाला उभं केलं. सगळे पास झाले. चिकूचं डोकं रेघेच्या चांगलं खाली राहिलं. त्यानं टाचा उचलल्या. तिनं खांद्यावर हात ठेवून त्या खाली केल्या.

चिकूचा ओठ थरथरायला लागला. त्याची आई, म्हणजे माझी मधली जाऊ सुषमाताई, लगेच म्हणाल्या की नको रे रडू, तिथं गेल्यावर पाहू, त्या माणसाला विनंती करू. मोठीआईनं त्यांना तिथंच थांबवलं.

“विनंती-बिनंती काही नाही. तिथं थो माणूस नाही म्हणन, अन् मंग हे पोट्टं रांगेत, सगळ्या लोकाईसमोर रडन. रडाचं असन त घरीच रडून घ्या. तिथं रडाले टाइम ठेवला नाही मी.”

आणि तिनं खरोखरच वेळ दिला. कॅलेंडरच्या पाठीवर, निघण्याच्या आदल्या दिवशीच्या संध्याकाळी, ‘चिकू, रडणे’ असं लिहिलं. मी हसत सुटले. ठरल्या वेळी तिनं चिकूला ओट्यावर बसवलं, समोर स्टूल घेऊन स्वतः बसली आणि म्हणाली, रड बेटा. चिकू आधी बुजला. मग त्याला तो झोका आठवला असावा. मग तो जो रडला, तो मनसोक्त, हातपाय आपटून, श्वास घेत घेत. ती उठली नाही, समजूत घातली नाही, खाऊ दिला नाही. नुसती बसून राहिली. त्याचं रडणं विझत आल्यावर तिनं विचारलं, अजून हाय काय? चिकूनं आत डोकावल्यासारखं करून पाहिलं आणि म्हणाला, नाही.

दुसऱ्या दिवशी त्या झोक्यासमोर निदान चार लेकरं जमिनीवर लोळत होती आणि त्यांचे आईबाप एकमेकांवर खेकसत होते. चिकू त्यांच्या बाजूनं माझा हात धरून गेला. त्यानं वर झोक्याकडे एकदा पाहिलं आणि मला समजावून सांगितलं, “माझं काल झालं.”

तिचं कधी चुकायचं नाही असं मुळीच नाही. एकदा तर असं चुकलं की बस. रविवारी गर्दी असते, म्हणून तिनं सोमवार निवडला. गर्दी नसते हे तिचं बरोबर निघालं. गर्दी नसते म्हणून पार्कवाले नेमके सोमवारीच अर्धे पाळणे बंद ठेवून तेलपाणी करतात, हे मात्र कोणी तिला फोनवर सांगितलं नव्हतं. आम्ही गेटातून डावीकडे वळलो आणि पहिल्याच पाळण्यापाशी साखळी लावलेली. तिथला गार्ड म्हणाला, बंद है. दादा म्हणाले, चला मग दुसरीकडे. मोठीआईनं घड्याळ पाहिलं, कागद पाहिला.

“दुसरीकडचा टाइम व्हाचा हाय,” ती म्हणाली. “इथंच थांबा.”

आणि आम्ही थांबलो. मोठी माणसं, शेंबडी पोरं, पाण्याच्या बाटल्या, सगळे एका बंद पाळण्यासमोर ठरलेला वेळ संपेपर्यंत उभे. गार्डनं आधी दुर्लक्ष केलं, मग दोनदा सांगून पाहिलं की मशीन आज चालणार नाही, मग त्यानं आमच्याकडे भीतीनं पाहायला सुरुवात केली. नितीन माझ्या कानात म्हणाला की मजा येतेय ना? मी म्हटलं, खूपच.

पण त्या रिकाम्या रांगेचे नागमोडी कठडे होते. लेकरांना ते दिसले. एकानं लंगडी घातली, दुसरा मागे धावला, आणि बघता बघता त्या कठड्यांमधून आमच्या घरातली सगळी फौज किंचाळत पळायला लागली. वेळ संपला, पण तिनं कोणाला हलवलं नाही. पुढच्या बंद पाळण्याचीही वेळ झाली, तरी तिनं खेळ मोडला नाही. आम्ही दिवसभर बंद पाळण्यांच्या रांगांमध्ये लंगडी खेळलो. रमेशभाऊ आणि दादा सुद्धा खेळले, आणि रमेशभाऊंनी दादांना शर्टाला धरून बाद केलं तेव्हा दादा पाच मिनिटं वाद घालत होते की शर्ट धरणं नियमात नाही. आजही लेकरांना विचारा, सगळ्यात भारी ट्रिप कोणती, तर तीच सांगतील. मोठीआईला त्याबद्दल कोणी छेडलं की ती शांतपणे म्हणायची की ते तर लिहिलेलंच होतं. कागद कोणी मागितला नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी घरात बोलणं बंद झालं.

कारण दुकानाचंच. रमेशभाऊंना ठिबक सिंचनाची एजन्सी घ्यायची होती. दादांना ते पटत नव्हतं. दादांनी परस्पर कंपनीच्या माणसाला नकार कळवला आणि रमेशभाऊंना ते त्या माणसाकडून कळलं. पहिले दोन दिवस आरडाओरडा झाला, तो बरा होता. त्यानंतर जी शांतता पसरली ती सहन होण्यासारखी नव्हती. दोघं एकाच जीपनं अंजनगावला जात, एकाच गल्ल्यामागे बसत, संध्याकाळी एकाच पंगतीत जेवत, आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. चिकूला मध्ये बसवत. रमेशभाऊ म्हणत, चिकू, मोठ्याबाबाला सांग लोणचं इकडे सरकवा. दादा म्हणत, चिकू, तुझ्या बाबाला सांग लोणचं संपलं. दोघांमध्ये वीतभर अंतर असे. चिकू निरोप इमानेइतबारे पोचवायचा, आवाजाच्या चढउतारासकट.

अशा घरात मोठीआईनं जाहीर केलं की यंदा मोठी ट्रिप, मुंबईकडच्या मोठ्या पार्कात, दोन दिवस, सगळे. सुषमाताईंनी पीठ मळता मळता हात थांबवला आणि म्हणाल्या की आम्ही नाही येत. मोठीआईनं त्यांच्याशी वाद घातला नाही. लेकरांना सांगितलं. लेकरांनी दोन दिवसांत सुषमाताईंचा निर्णय बदलून टाकला. रेल्वेची तिकिटं तर आधीच काढलेली होती.

बडनेऱ्याहून गाडीत बसताना तिनं मला कागद वाचायला दिला. मी वाचत गेले आणि माझ्या लक्षात यायला लागलं. रांगेत पुढे कोण, तर दादा आणि रमेशभाऊ. जेवणाच्या टेबलावर दादांच्या समोर रमेशभाऊ. आणि पहिल्या दिवशी दुपारी आकाशपाळणा, चौघांचा एकेक डबा. एका डब्यात दादा, रमेशभाऊ, चिकू आणि माझी पाच वर्षांची सई.

मी म्हटलं, ताई, या दोघांना एका डब्यात? आणि त्यात माझी पोरगी?

“लेकरू मधात असलं की माणूस हात उचलत नाही,” ती म्हणाली. “अन् दार बाहेरून लावतात थे लोक. मी विचारून घेतलं.”

दुपारपर्यंत दोघं भाऊ तिनं सांगितलं तिथं उभे राहिले, सांगितलं तिथं बसले आणि एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडे पाहत राहिले. मग आकाशपाळण्याची वेळ आली. डब्यात शिरायच्या आधी रमेशभाऊ अडखळले. मागून मोठीआईचा आवाज आला की रांग अडली आहे. ते शिरले. दार लागलं. पाळणा फिरायला लागला, एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या फेरीत त्यांचा डबा अगदी वर असताना पाळणा थांबला.

आमच्या नात्यातले लोक अजूनही म्हणतात की तिनं पाळणेवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मला तसं वाटत नाही. तिनं सांगितलं असतं तर तो वेळेवर खाली आला असता.

वीज गेली होती. पार्कवाले भोंग्यावरून घाबरू नका, घाबरू नका असं सांगत होते, त्यामुळे न घाबरलेलेही घाबरले. सुषमाताईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. सई उंचीला घाबरत नाही, पण ती मोठ्या आवाजाला घाबरते, आणि वर आता मोठे आवाज सुरू झाले होते. शब्द ऐकू येत नव्हते. दादांचा हात काचेतून दिसायचा, मग रमेशभाऊंचा. डबा थोडा हलायचा. खालची माणसं बोट दाखवून हसायला लागली की त्या डब्यात कुस्ती चाललीय. मोठीआई कपाळावर हाताची सावली धरून वर पाहत उभी होती. नावेच्या खेळाची वेळ झाली, नितीननं तिला आठवण केली. तिनं ऐकलं नाही. तिला मी त्याआधी कधी घड्याळाकडे न पाहता इतका वेळ उभी राहिलेली पाहिलं नव्हतं.

मग वरचे हात दिसेनासे झाले. ते जास्त वाईट होतं.

पाळणा सुरू झाला आणि डबा खाली आला. आधी सई बाहेर आली आणि सरळ माझ्याकडे धावली. दादा उतरले. त्यांचे डोळे सुजलेले होते. रमेशभाऊ रुमाल शोधत होते आणि तो त्यांना सापडत नव्हता, मग दादांनी आपला दिला. चिकू शेवटी उतरला. निरोप पोचवण्याची त्याला सवय झाली होती, त्यानं न विचारता सगळा पोचवला.

“मोठेबाबा म्हणे, घे तुले दुकान पाह्यजे त घे. बाबा म्हणे, मले दुकान नको, मले एकदा विचाराले पाह्यजे होतं. मंग मोठेबाबा गप बसले. मंग मोठेबाबा रडले. मंग बाबा बी रडले. मंग बाबा म्हणे, दुकान अन् घर तुमी ठेवा, मले गोदाम द्या, मी वेगळा होतो.” त्यानं क्षणभर आठवून पाहिलं, काही राहिलं तर नाही ना. “मोठेबाबा हो म्हणे.”

आजूबाजूला शिट्ट्या, गाणी, पॉपकॉर्नचा वास, सगळं चालूच होतं. सुषमाताई माझ्याकडे पाहत होत्या, मी जमिनीकडे. मोठीआई आपल्या नवऱ्याकडे पाहत होती. दादांनी होकाराची मान हलवली. एवढंच. ज्या घरासाठी तिनं इतकी वर्षं आमचे दिवस आखले, ते घर तिनंच ठरवून दिलेल्या डब्यात, तिनंच ठरवून दिलेल्या वेळी, वाटून झालं होतं.

चिकूनं तिच्या पदराला ओढलं. “मोठीआई, आता नाव ना?”

“हो,” ती म्हणाली. “आता नाव. चला.”

नावेत कोण कुठं बसायचं हे तिनं सांगितलं नाही. दादा आणि रमेशभाऊ आपणहून शेजारी बसले. उतारावरून पाणी उसळून दोघांच्या तोंडावर आलं तेव्हा रमेशभाऊ काहीतरी म्हणाले आणि दादा मोठ्यानं हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. ती काठावर पिशव्या सांभाळत उभी होती. मी तिच्या बाजूला होते. तिनं हसणाऱ्या त्या दोघांकडे पाहिलं आणि पिशवीची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

परतीच्या गाडीत, सकाळी शेगाव सोडल्यावर, बाकी सगळे चहा घेत असताना ती खिडकीपाशी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, “मले वाटलं, थे दोघं बोलतीन त जुळन. बोलत नव्हते तवा एका घरात होते. बोलले अन् वेगळे झाले.” बाहेर मोकळी काळी वावरं मागे पळत होती. अकोला आलं, गाडी थांबली, सुटली. मग ती म्हणाली, “पण बोलले त खरं.” आणि उठून लेकरांचे कप गोळा करायला गेली.

वाटणी झाली ती कोर्टाची पायरी न चढता झाली, हे आमच्या नात्यात अजून नवलानं सांगतात. रमेशभाऊ अंजनगावला राहायला गेले, गोदामात एजन्सी टाकली, ती बरी चालली. दादा त्यांच्या उद्घाटनाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते. नितीनची रोजची रेल्वेची धावपळ संपावी म्हणून आम्ही अकोल्याला घर घेतलं. पुढच्या मेमध्ये तिन्ही घरांनी आपापल्या ट्रिपा स्वतंत्रपणे काढल्या. रमेशभाऊंचं धोरण जाऊ तवा पाहू असं होतं, त्यामुळे त्यांनी काहीच पाहिलं नाही. आम्ही मोठ्या हौसेनं कोणताही कागद न करता एका पार्कात गेलो. गेटातून उजवीकडे वळलो. दुपारी सई एका पाळण्यासमोर जमिनीवर लोळत होती, आणि नितीन आणि मी तिच्या डोक्यावरून एकमेकांवर खेकसत होतो. शेवटी सईनंच माझ्या मोबाइलवरून मोठीआईला फोन लावला. दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. पोरगी डोळे पुसून उठली आणि म्हणाली, आता जेवायचं, पाळणा नंतर.

आता लेकरं मोठी झाली. कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत. मोठीआई लग्नाकार्यात भेटते. पंगत कधी बसवायची, कोणती गाडी आधी सोडायची, हे तिला अजून विचारलं जातं आणि न विचारताही ती सांगते. पण तिची आठवण काढली की मला अमरावतीहून आम्ही निघालो तो दिवस दिसतो.

टेम्पो भरून दारात उभा होता. गाद्या, कपाट, शिलाई मशीन, सगळं दोरीनं बांधून झालं होतं. ऊन चढायच्या आत अकोल्याला पोचायचं होतं आणि निघण्याची वेळही तिनंच ठरवली होती. ड्रायव्हर पुढे बसला होता. नितीन उतरून एकदा मागची दोरी तपासून आला. दादा फाटक धरून उभे होते. फक्त सई अजून आत होती, म्हणून मी तिला आणायला गेले.

स्वयंपाकघरात जमिनीवर मोठीआई पाय पसरून बसली होती आणि सई तिच्या मांडीला पाठ टेकून. ती सईची वेणी घालत होती. तेल लावलेले केस, घट्ट पेड, खाली लाल रिबीन. वेणी झाली होती. गाठही बसली होती. मी दारातून म्हटलं, ताई, निघतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

तिनं वेणी हातात धरून पाहिली. सरळ, सुरेख वेणी होती.

“वाकडी झाली वाटते,” ती म्हणाली.

तिनं रिबीन सोडली. पेड एकेक करून उकलले, केस पाठीवर मोकळे केले, आणि फणी घेऊन पुन्हा वरून विंचरायला सुरुवात केली, अगदी सावकाश, जणू पोरीच्या डोक्यावर किती केस आहेत ते तिला आजच पाहायचं होतं. बाहेर हॉर्न वाजला. मग दादांनी हाक मारली की वेळ झाली. सईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मोठीआईनं तिच्या हनुवटीला बोट लावून ती मान पुन्हा सरळ केली.

“थांब म्हणा त्याले,” ती म्हणाली.